पूर, ओढे, दरडी, वीज : पुण्यातल्या सोसायट्या आणि वस्त्या आम्हाला वारंवार विचारतात ते प्रश्न

मुठा नदीवरच्या खडकवासला धरणातून २० हजार क्युसेक सोडले म्हणजे नेमकं किती पाणी?

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. २० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेपाच लाख लिटरहून जास्त; दहा हजार लिटरचे ५६ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होताहेत असं समजा. धरणाचा साठा टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकने २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी संपतो. हा आकडा लक्षात ठेवला तर बातमीतला विसर्ग आणि साठा यांची सांगड कुणालाही घालता येते.

पण धरण दोन दिवसांपूर्वी निम्मंच होतं, मग मध्यरात्री एकदम पाणी का सोडतात?

धरणसाखळीतलं खडकवासला हे सगळ्यात लहान आणि सगळ्यात शेवटचं धरण आहे. त्याची क्षमता १.९७ टीएमसी. वरच्या वरसगावची १२.८२, पानशेतची १०.६५ आणि टेमघरची ३.७१. वरची धरणं भरली की त्यांचं पाणी खाली खडकवासल्यातच येतं, शिवाय मधल्या डोंगरांवरून येणारं वेगळं. अर्धं रिकामं खडकवासला म्हणजे जेमतेम एक टीएमसीची जागा. वरून २५ हजार क्युसेकने येवा सुरू झाला तर ती जागा अकरा-बारा तासांत भरते. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं. म्हणून "धरण अजून ६० टक्केच आहे" या वाक्यावर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात विसंबू नका. खडकवासल्यापेक्षा वरच्या तीन धरणांची टक्केवारी आणि घाटमाथ्यावरचा पाऊस बघा.

पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी पवना धरण, आणि मुळाकाठच्यांनी पवनेबरोबर मुळशी धरणही बघायचं. दापोडीला पवना मुळेला मिळते, संगमावर मुळा आणि मुठा. संगमाच्या खालच्या वस्त्यांना दोन्ही बाजूंच्या विसर्गाची बेरीज करावी लागते, आणि ती बहुतेकांकडून राहून जाते.

आमची इमारत निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे. आता चिंता नाही ना?

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाची. मुठेसाठी हे आकडे साधारण ६० हजार आणि एक लाख क्युसेक धरलेले आहेत. मात्र २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग सुमारे ३५ हजार होता. नकाशावरची रेषा क्युसेकवरून काढलेली असते. पात्रात भराव पडला, राडारोडा साचला, पूल आणि भिंती उभ्या राहिल्या की तेवढ्याच क्युसेकला पाणी जास्त उंच चढतं. त्यात धरणाच्या खालच्या भागात कोसळणारा पाऊस विसर्गाच्या आकड्यात मोजलेलाच नसतो. ओढ्यांचं पाणी नदीत जायला बघतं, नदी भरलेली असल्यामुळे ते मागे फिरतं आणि चेंबरमधून पार्किंगमध्ये वर येतं.

"पंचवीस वर्षांतून एकदा" याचा अर्थ गेल्या वर्षी आला म्हणून पुढची चोवीस वर्षं सुट्टी, असाही नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, एवढंच.

मग आमच्या दाराशी पाणी कधी येणार हे कळायचं कसं?

स्वतः मोजून. आम्ही सगळ्यात आधी हेच करायला सांगतो, कारण खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे. फाटकाच्या खांबावर किंवा नदीकडच्या भिंतीवर ऑइलपेंटने जमिनीपासून १५, ३०, ६० आणि १०० सेंटिमीटरवर आडव्या पट्ट्या मारा. अंधारात टॉर्चच्या उजेडात दिसतील अशा पांढऱ्या किंवा पिवळ्या. त्याच्याही खाली, नदीच्या दिशेला, आधी बुडणारी एखादी ठळक खूण निवडा : घाटाची पायरी, नाल्याच्या पाइपचं तोंड, पात्रातल्या रस्त्याचा कठडा.

मग वहीत पाच रकाने आखा : तारीख, वेळ, खडकवासल्याचा जाहीर विसर्ग, पाणी कोणत्या खुणेपर्यंत, आणि आपल्याकडे पाऊस चालू होता की नाही. विसर्ग वाढवल्याचा निरोप आला की दर अर्ध्या तासाला एक ओळ. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या इमारतीचं स्वतःचं कोष्टक तयार होतं. समजा, नोंदी सांगतात की २२ हजारला घाटाची पायरी जाते आणि ३० हजारला पार्किंगची पहिली पट्टी. मग २२ हजारच्या निरोपाला गाड्या हलवायच्या, २७ हजारला तळमजला रिकामा करायचा, हे शांतपणे बसून जूनमध्येच ठरवता येतं. जुन्या रहिवाशांना विचारून मागच्या पुरांच्या खुणाही भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. भिंत रंगवताना कंत्राटदार त्या पुसतो, त्याला आधीच बजावा.

दुसऱ्याचं कोष्टक वापरू नका. भिडे पूल बुडाला म्हणजे विठ्ठलवाडीत काय झालं असेल, याचा अंदाज बांधून चालत नाही.

आम्ही नदीपासून तीन किलोमीटरवर आहोत. शेजारून फक्त ओढा जातो.

मग तुम्हाला नदीकाठच्यांपेक्षा कमी वेळ मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर ते दांडेकर पूल या पट्ट्यात जी वाताहत केली, तिच्यात धरणाच्या विसर्गाचा संबंध नव्हता. एक हेक्टर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. टेकडी सिमेंटने झाकली की त्यातलं फार थोडं मुरतं, आणि उतार तीव्र असल्याने ते काही मिनिटांत ओढ्यात येतं. त्यात मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी गादी, फ्लेक्सचा कपडा किंवा झाडाची फांदी अडकली की मोरीचं बूच होतं. मागे तळं साठतं, आणि कुठली तरी सीमाभिंत कोसळून ते एकदम सुटतं. माणसं बहुतेक वेळा या सुटलेल्या लोंढ्यात जातात.

ओढ्यासाठी कोष्टक चालत नाही, खुणा चालतात. पाण्याचा रंग अचानक लालसर-मातकट झाला, फांद्या वाहून यायला लागल्या, आवाज घरघर करत वाढला, किंवा वर मुसळधार पाऊस असताना ओढ्याचं पाणी एकाएकी *कमी* झालं, तर कुणाच्या निरोपाची वाट न बघता वरच्या मजल्यावर. कमी होणं जास्त वाईट, कारण वर कुठे तरी अडलंय. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या दोन-तीन सोसायट्यांशी फोनसाखळी जोडा. कात्रजच्या माणसाने दांडेकर पुलाच्या माणसाला केलेला एक फोन कुठल्याही ॲपपेक्षा कामाचा. आणि ओढ्याला लागून असलेल्या दगडी किंवा विटांच्या भिंतीला टेकून झोपड्या, गोठे, दुचाकी काहीही ठेवू नका.

पाणी वाढतंय. इमारतीत आधी काय करायचं?

माणसं आधी, हे सगळे म्हणतात आणि मग चाव्या घेऊन पार्किंगमध्ये धावतात. पार्किंगमध्ये पाणी शिरलेलं असेल तर गाडी सोडून द्या.

पाणी अजून फाटकाबाहेर असेल तर क्रम असा : तळमजल्यावरचे वृद्ध, आजारी आणि लहान मुलं वर. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन दार बंद करून तिचा वीजपुरवठा तोडायचा. तळाशी राहिली तर खड्ड्यात पाणी भरून मोटर-केबल सगळं जातं आणि आत कुणी अडकलं तर प्रश्न जीवाचा. मग संपचा, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचा, पंप बंद करून झाकण घट्ट लावायचं, नाही तर गढूळ पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं जातं. तळमजल्यावरच्या घरांनी गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढायचा, टोपी लावायची आणि सिलिंडर वरच्या मजल्यावर न्यायचं. रिकामं सिलिंडर पाण्यात तरंगतं आणि आपटत फिरतं.

वीज शेवटी नाही, वेळेवर. मीटरची खोली तळमजल्यावर असेल तर पाणी मीटरच्या खाली हातभर असतानाच मेन स्विच बंद करा, कोरड्या जागेवर उभं राहून, कोरड्या हाताने. पायाखाली पाणी आलं असेल तर स्विचला हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवून बाहेरून पुरवठा बंद करून घ्या. २५ जुलै २०२४ ला पुलाची वाडी भागात हातगाडी हलवताना तिघांचा जीव गेला तो विजेच्या धक्क्याने. घरगुती बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा. साधा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, वायर वाचवतो. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत मीटर वर उचलण्याचा ठराव मांडा. भांडणं होतील, होऊ द्या.

वाळूच्या गोण्यांनी पाणी अडतं का?

थोडं, थोडा वेळ. नेहमीच्या एका दारासाठी २० सेंटिमीटर पाणी रोखायला निदान सहा गोण्या लागतात. गोणी अर्धी ते दोन-तृतीयांश भरा. गच्च भरलेल्या गोण्या गोल राहतात आणि फटींमधून पाणी येतं. तोंड आत दुमडून पाण्याच्या दिशेने दाबा, वरचा थर विटांसारखा सांधा मोडून रचा, पायाने तुडवा. पाण्याच्या बाजूला जाड प्लास्टिक जमिनीवर फूटभर पसरून वर घ्या आणि ते खालच्या गोण्यांखाली दाबा. पण न्हाणीघराच्या आणि संडासाच्या पाइपमधून पाणी उलटं येत असेल तर दाराशी कितीही गोण्या लावून उपयोग नाही. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा आणि पुराच्या दिवशी जाळीवर कापडाचा बोळा व त्यावर भरलेली गोणी ठेवा. बाहेर तीन फुटांच्या वर पाणी असेल तर ते पूर्ण अडवायला जाऊ नका. एका बाजूचा दाब सहन न होऊन भिंतच जाते.

पाण्यातून चालत किंवा गाडीने जाता येईल का?

वाहतं पाणी घोट्याच्या वर, म्हणजे १५ सेंटिमीटर असलं तरी माणसाचा तोल जातो. ३० सेंटिमीटरला लहान गाडी सरकायला लागते, ६० ला बहुतेक गाड्या वाहतात. रस्ता माहितीचा असला तरी झाकण उघडं असलेलं चेंबर माहितीचं नसतं. अगदीच जावं लागलं तर हातात काठी, पुढची जागा चाचपून, दोरीला धरून आणि एकटं नाही. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान "इंजिन प्रोटेक्ट" नसलेल्या विम्यात बहुधा बसत नाही.

घरात काय तयार ठेवायचं?

दारामागे टांगलेली एक सॅक. आत प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, घराचे कागद यांच्या प्रती आणि थोडी रोख रक्कम, कारण वीज गेली की यूपीआय जातं. सात दिवसांची रोजची औषधं व चिठ्ठीची प्रत, टॉर्च, पॉवरबँक, शिट्टी, सॅनिटरी पॅड, लहान बाळ असेल तर त्याचं सामान. खाण्याला न शिजवता चालणारं : चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, भडंग, फुटाणे, गूळ. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे ३६ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार. दर वर्षी मेअखेर सॅक उघडून तारखा बघायच्या. न उघडलेल्या सॅकमध्ये गळालेले सेल निघतात, हे ठरलेलं.

पूर ओसरला. टाकीतलं पाणी प्यायचं का?

नाही. संपमध्ये पुराचं पाणी गेलं असेल तर पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्या आणि बाहेर दोरी धरून एक माणूस उभा ठेवा. बंद टाकीत गुदमरून आधी एक आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, अशी माणसं जातात. मग टाकी भरून हजार लिटरला १७० ग्रॅम ब्लीचिंग पावडर (३० टक्के क्लोरीनची) टाका. त्याने लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा, २४ तास तसंच ठेवा, नंतर ते पाणी फेकून द्या.

त्यानंतर रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे पाच ग्रॅम पुरतं. पावडर थेट टाकू नका. मगभर पाण्यात कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा. तेव्हा लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. ते तपासायचं द्रव क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाकडे मागा. मागच्या पावसाळ्यातली, दमट जागी उघडी पडलेली पावडर निम्मीही चालत नाही. आणि ती संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, नाही तर क्लोरीन मातीतच खर्च होतं. प्यायचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा.

चिखल उपसताना गमबूट आणि हातमोजे. पायाला जखम असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे न विसरता सांगा. लेप्टोस्पायरोसिसचं, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचं, निदान त्या एका वाक्यावर लवकर होतं.

स्थलांतरितांना शाळेत ठेवायचंय. एका वर्गात किती माणसं?

माणशी साडेतीन चौरस मीटर हा आंतरराष्ट्रीय मानवतावादी मदतीतला मापदंड. सहा बाय आठ मीटरच्या वर्गात त्याने तेरा माणसं बसतात. प्रत्यक्षात चाळीस कोंबतात आणि तिसऱ्या दिवशी निम्मी पुन्हा ओल्या घरात परततात. पाणी माणशी रोज १५ लिटर, सुरुवातीला ५० जणांमागे एक संडास आणि लवकरात लवकर २० जणांमागे एक. बायकांच्या संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा आहे का, ते आधी बघा. शाळेच्या किल्ल्या रात्री दोन वाजता कुणाकडे मिळतील, हे कागदावर नावासकट लिहून ठेवा. सगळ्या आराखड्यांत हीच ओळ कोरी असते.

आम्ही टेकडीच्या उतारावर राहतो.

पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरड आली, १५१ माणसं गेली. पुण्याच्या टेकड्या सह्याद्रीइतक्या उंच नाहीत, पण पायथ्याला कापून सपाटी केली की वरच्या मातीचा आधार तसाच जातो. जमिनीला कमानीसारख्या भेगा, खांब किंवा झाडं कलणं, दारं-खिडक्या अचानक न लागणं, नसलेल्या ठिकाणी झरा फुटणं किंवा झऱ्याचं पाणी गढूळ होणं, या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी घर सोडा. भेगांमध्ये पाणी जाऊ नये म्हणून ताडपत्री टाका आणि उताराच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढा.

संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं असतात. ती प्लास्टरने बुजवलेली किंवा मातीने भरलेली असतील तर भिंतीमागे पाणी साठून दाब वाढतो. जूनआधी गज घालून मोकळी करा. भिंत फुगलेली दिसली तर तिच्या उंचीच्या दीडपट अंतरात कुणालाही राहू देऊ नका, विशेषतः बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सीमाभिंत पडून १५ जण गेले, ते अशाच खोल्यांमध्ये झोपलेले होते.

वीज आणि वळवाचा वारा?

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळ पडणाऱ्या विजेचा इशारा देणारं "दामिनी" ॲप फोनवर ठेवा. झाडाखाली, गच्चीवरच्या पत्र्याखाली, होर्डिंगखाली उभं राहू नका. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात होर्डिंग पडून पाच जण गेले, ते वारा-पाऊस चुकवायलाच तिथे थांबले होते.

भूकंपाचं काय?

आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे विभाग ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. कोयनेचा १९६७ चा धक्का इथेही जाणवला होता. जुन्या वाड्यांत आणि खाली फक्त खांब असलेल्या पार्किंगच्या इमारतींत धोका जास्त. पार्किंगमधले खांब दुकानासाठी छाटले असतील तर स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. गीझर, कपाट आणि देव्हाऱ्यावरच्या जड फोटोंचे स्क्रू आज आवळता येतात.

पंचनाम्यासाठी काय लागतं?

साफसफाईआधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, शेजारी उभं धरलेलं मोजपट्टीचं टोक आणि घराचा क्रमांक एकाच चौकटीत यावा. भिजलेल्या वस्तूंची यादी, आधार, बँकेचा तपशील आणि तिथे राहत असल्याचा पुरावा. भाडेकरूंनी भाडेकरार किंवा वीजबिल हाताशी ठेवा. घरमालकाच्या नावाने पंचनामा होऊन भाडेकरू राहून जातात. पंचनाम्याच्या प्रतीचा फोटो सही झाल्याबरोबर काढा.

सोसायटीत किंवा वस्तीत कामं कशी वाटायची?

साठ घरांना सात-आठ माणसं पुरतात : निरोप वाचणारा एक, पट्टी बघणारे दोन (आळीपाळीने, रात्रीसकट), वीज-लिफ्ट-पंप एक, घरोघर उठवणारे तीन, आणि यादी ठेवणारी एक व्यक्ती. यादीत एकटे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिस किंवा ऑक्सिजनवरचे, गरोदर बायका आणि रात्री पार्किंगमध्ये झोपणारा वॉचमन. शेवटचा हमखास विसरला जातो. प्रत्येक कामाला बदली माणूस ठरवा. ठरवलेला माणूस जुलैत नेमका गावी असतो. गणेश मंडळाकडे मेगाफोन, दोरखंड, जनरेटर आणि रात्री उठणारी पोरं असतात, त्यांना मे महिन्यातच बैठकीला बोलवा. शासनाच्या "आपदा मित्र" योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. तुमच्या भागातले प्रशिक्षित कोण, ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून विचारून घ्या. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी तुकडी मावळात सुदुंबऱ्याला आहे, पण तिला बोलावणं प्रशासनामार्फत जातं. तुमच्याकडे पहिला तास तुमचाच असतो.

रंगीत तालीम जूनच्या पहिल्या रविवारी, रात्री साडेनऊला, वीज बंद करून घ्या. सकाळच्या उजेडात सगळं जमतं. घड्याळ लावा : पहिला भोंगा ते तळमजल्यावरचा शेवटचा माणूस दुसऱ्या मजल्यावर. जी वेळ येईल तिच्या दुप्पट धरून तुमच्या कोष्टकातला "रिकामं करा" चा आकडा खाली आणा.

फोन कुठे करायचा?

सगळ्यासाठी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य १०७०, महावितरण १९१२. फोन लागला की आधी ठिकाण आणि खूण सांगा, मग माणसं किती, पाणी कुठल्या पट्टीला, आणि बोट लागेल की दोरी पुरेल.